विश्लेषण : ‘कोरोनाचे दोन हजार’ नेमके कशाचे होते?

लॉकडाऊनच्या काळात शेतकऱ्याच्या खात्यात खरंच जादा काय आलं, आणि त्याच काळात काय अडकून पडलं? पासबुक समोर ठेवून समजून घेऊ.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पीएम किसान सन्मान निधीचा १८ वा हप्ता सोडला. देशभरातल्या सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकऱ्यांसाठी मिळून २० हजार कोटी रुपये. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ताही त्याच कार्यक्रमातून गेला. पोहरादेवी मानोरा तालुक्यात येतं. याच जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव. पोहरादेवीच्या मंचावर बटण दाबलं की शिरपूरच्या कास्तकाराच्या मोबाईलवर दोन मेसेज यायला हवेत, असा हा सगळा व्यवहार.

यातला दोन हजारांचा केंद्राचा हप्ता नवा नाही. एप्रिल २०२० मध्येही तो आला होता. फरक इतकाच, की तेव्हा तो ‘कोरोनाची मदत’ म्हणून आला. अजूनही बोलताना ‘ते कोरोनाचे दोन हजार’ असा उल्लेख सहज होतो. ते पैसे कोरोनाचे होते का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. उत्तर अवघड नाही, फक्त दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

घोषणा काय झाली होती?

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर लॉकडाऊन लागला. दोनच दिवसांनी, २६ मार्चला, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचं प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांसाठीचा ठळक मुद्दा हा : पीएम किसानचा २०२०-२१ या वर्षातला पहिला हप्ता एप्रिलमध्येच दिला जाईल, ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना त्याचा लाभ होईल.

वाक्य नीट वाचा. ‘वर्षातला पहिला हप्ता’ आणि ‘एप्रिलमध्येच’. म्हणजे हप्ता ठरलेलाच, फक्त लवकर. सरकारने शब्द लपवले नव्हते. हप्ता आगाऊ देतोय हे घोषणेतच होतं. पण टीव्हीवरच्या पट्टीत आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये ‘आगाऊ’ हा शब्द गळला आणि ‘कोरोना पॅकेज, शेतकऱ्यांना दोन हजार’ एवढंच उरलं.

पीएम किसान योजना त्याआधीच, १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपूरहून पहिला हप्ता गेला. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते : एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना, नंतर ही मर्यादा उठली. कोरोना तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

मग जादा किती मिळाले?

शेतकरी म्हणून, पीएम किसानमधून : शून्य.

२०२०-२१ मध्ये एप्रिलचा हप्ता आला. मग ९ ऑगस्ट २०२० ला पुढचा, २५ डिसेंबर २०२० ला त्यानंतरचा. बेरीज सहा हजार. २०२१-२२ मध्ये १४ मे, ९ ऑगस्ट आणि १ जानेवारी. पुन्हा सहा हजार. दोन लाटांच्या दोन वर्षांत एकही चौथा हप्ता नाही.

अर्थसंकल्पाचे आकडे तर आणखी स्पष्ट बोलतात. १ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या जवळपास दोन महिने आधी, पीएम किसानसाठी ७५ हजार कोटींची तरतूद झाली होती. एप्रिलच्या हप्त्याचे ८ कोटी ७० लाख गुणिले दोन हजार, म्हणजे साधारण १७ हजार ४०० कोटी, याच तरतुदीतले. १ लाख ७० हजार कोटींच्या पॅकेजमधला सुमारे दहावा हिस्सा असा आधीच मंजूर असलेल्या पैशांचा होता. पुढे त्याच वर्षीच्या सुधारित अंदाजात ही तरतूद ७५ वरून ६५ हजार कोटींवर आली. याचा अर्थ कोणाचा हप्ता कापला असा नाही. सुरुवातीच्या अंदाजाएवढे लाभार्थी नोंदलेच गेले नाहीत आणि पश्चिम बंगालचे शेतकरी मे २०२१ पर्यंत योजनेबाहेर होते, हे त्यामागचं मोठं कारण. पण महासाथीच्या वर्षात शेतकऱ्यांच्या सगळ्यात मोठ्या रोख योजनेचा खर्च मूळ अंदाजापेक्षा कमी झाला, हेही तितकंच खरं.

लवकर मिळाल्याचा उपयोग झाला नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. एप्रिल २०२० आठवून पाहा. हरभरा घरात, तूर घरात, बाजार समित्यांचे व्यवहार कुठे बंद, कुठे टोकन पद्धतीने सुरू. शेतीची कामं, बाजार समित्या, खत-बियाण्यांची दुकानं यांना २७ मार्चलाच लॉकडाऊनमधून सूट मिळाली होती. कागदावरची सूट गावापर्यंत पोहोचायला वेळ लागला, आणि माल घेऊन जायला गाडी मिळेना. अशा वेळी हातात आलेले दोन हजार जूनमध्ये येणाऱ्या दोन हजारांपेक्षा मोठे असतात. पण जूनमध्ये, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर, तोच हप्ता पुन्हा येणार नव्हता. सोयाबीनची तीस किलोची बॅग त्या हंगामात दोन हजारांच्या पुढेच होती. म्हणजे एप्रिलमध्ये किराणा झाला, तर जूनमध्ये एक बॅग उसनवारीवर.

पण घरात पैसे तर आले होते, ते कुठले?

इथेच गोंधळ आहे. घरात पैसे आले, पण ते शेतकऱ्याच्या नावाने नव्हते.

एक उदाहरण घेऊ. शिरपूरच्या शिवारात चार एकर कोरडवाहू असलेलं पाच माणसांचं घर समजा. कास्तकार, त्याची बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. सातबारा कास्तकाराच्या नावावर.

बायकोचं जनधन खातं असेल तर तिला एप्रिल, मे आणि जून २०२० असे तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. एकूण दीड हजार. देशातल्या सुमारे २० कोटी महिलांना हे पैसे मिळाले. बँकेत झुंबड उडू नये म्हणून पहिल्या महिन्यात खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दिवस ठरवले होते. शेवटी शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल, असं ९ एप्रिलपर्यंत. तरीही रांगा लागल्या, कारण ‘काढले नाहीत तर सरकार पैसे परत घेणार’ अशी अफवा पसरली होती. ती खोटी असल्याचं सरकारला जाहीरपणे सांगावं लागलं. आणि हो, साधं बचत खातं असलेल्या शेजारणीला काहीच मिळालं नाही. दोघींची परिस्थिती एकच असली तरी.

आईचं नाव केंद्राच्या वृद्धापकाळ, विधवा किंवा दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत असेल, तर तिला पाचशेचे दोन हप्ते, म्हणजे एक हजार. फक्त राज्याच्या यादीत असेल तर हे हजार नाहीत.

म्हणजे सगळं जुळून आलं तरी नव्याने आलेली रोख रक्कम अडीच हजार. तीही घरातल्या दोन बायकांच्या खात्यांवर, शेतीशी संबंध नसलेल्या कारणाने.

रोखीपेक्षा मोठी मदत धान्याची होती. अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब कार्ड असलेल्यांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मोफत, नेहमीच्या स्वस्त धान्याव्यतिरिक्त. आपल्या उदाहरणातल्या पाच माणसांना महिन्याला २५ किलो, एप्रिल ते नोव्हेंबर २०२० या आठ महिन्यांत दोन क्विंटल. शिवाय कार्डामागे महिन्याला एक किलो डाळ. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ पासून ही योजना पुन्हा सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. दोन क्विंटल धान्य बाजारभावाने विकत घ्यायचं म्हटलं तर ते दोन हजारांच्या हप्त्यापेक्षा नक्कीच जास्त किमतीचं. उज्ज्वला जोडणी असेल तर तीन सिलिंडरही मोफत.

आणि केशरी कार्डवाले शेतकरी?

वाशिम जिल्ह्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे, आणि राज्याच्या इतर भागांतल्या वाचकांना बहुधा माहीत नसेल.

शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारने २०१५ पासून १४ जिल्ह्यांतल्या एपीएल, म्हणजे केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य देणं सुरू केलं. मराठवाड्यातले आठ जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा. वाशिम त्यात आहे. माणशी पाच किलो, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो. दुकान तेच, दर तेच, रांग तीच. त्यामुळे आपण आणि प्राधान्य कुटुंबवाले सारखेच, असं या शेतकऱ्यांना वाटणं साहजिक होतं.

कोरोनात हा फरक उघडा पडला. मोफत धान्य फक्त राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीतल्या लोकांना होतं. एपीएल शेतकरी त्या यादीत नव्हते. ती राज्याची स्वतंत्र योजना होती. केशरी कार्डावरही ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असेल तर धान्य मिळालं, नसेल तर नाही. एकाच गल्लीत, एकाच रंगाच्या दोन कार्डांवर दोन वेगळे न्याय. दुकानदाराशी वाद घालून उपयोग नव्हता, कारण त्याच्या ई-पॉस यंत्रावर नावच येत नव्हतं.

या योजनेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०२२ मध्ये या शेतकऱ्यांचं धान्य येणं थांबलं. मग २८ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये रोख देण्याचं ठरलं, जानेवारी २०२३ पासून. २०२४ मध्ये ते १७० झाले. पाच किलो धान्य १७० रुपयांत आजच्या बाजारात कुठे मिळतं, हा हिशेब वाचकांनीच आपल्या गावच्या दुकानात करून पाहावा.

राज्य सरकारने वेगळं काही दिलं का?

दुसऱ्या लाटेच्या वेळी, १३ एप्रिल २०२१ ला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कडक निर्बंध जाहीर करतानाच सुमारे ५ हजार ४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालकांना दीड हजार रुपये, आदिवासी कुटुंबांना दोन हजारांचं खावटी अनुदान, संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेतल्या लाभार्थ्यांना आगाऊ हजार रुपये, महिनाभर मोफत धान्य. यात शेतकऱ्यांसाठी वेगळी रक्कम नव्हती. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असलेल्या शेतमजुराला दीड हजार मिळू शकत होते, तो ज्याच्या शेतात राबतो त्याला नाही.

शेतकऱ्याला राज्याकडून त्या काळात मोठी रक्कम मिळाली असेल तर ती पावसाची. २३ ऑक्टोबर २०२० ला अतिवृष्टीसाठी दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पिकांना हेक्टरी दहा हजार, फळबागांना २५ हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ६ हजार ८०० च होते, वरचे राज्याने घातले. ज्यांचं नाव पंचनाम्यात आलं त्यांच्या खात्यात हे पैसे दिवाळीच्या सुमारास येऊ लागले. पण ही नुकसानभरपाई होती, कोरोनाची मदत नव्हे. पासबुकात दोन्ही शेजारी दिसतात म्हणून गल्लत होते.

कोरोनामुळे अडलं काय?

आतापर्यंत काय आलं ते पाहिलं. जे येणार होतं आणि आलं नाही, त्याची किंमत कदाचित जास्त आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली. यादीत नाव आलं की बँकेत किंवा सेवा केंद्रात जाऊन अंगठा लावायचा, मग रक्कम कर्जखात्यात जमा. महिनाभरात लॉकडाऊन आला. अंगठा लावायचं यंत्र म्हणजे संसर्गाचं साधन झालं, प्रमाणीकरण थांबलं. राज्याची तिजोरीही आटली.

ज्याचं कर्ज माफ होणार पण अजून झालेलं नाही, तो बँकेच्या लेखी थकबाकीदारच. थकबाकीदाराला खरिपाचं नवं कर्ज नाही. अखेर मे २०२० मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला : अशा शेतकऱ्यांची थकबाकी ‘शासनाकडून येणे’ दाखवा आणि त्यांना नवं कर्ज द्या. कागद चांगला होता. पण तो निघाला २२ मे रोजी, आणि आपल्याकडे मृग लागतो ७-८ जूनला. पंधरा दिवसांत बँकेने कागद वाचायचा, शाखेने ठराव करायचा, कास्तकाराने सातबारा, आठ-अ आणि बेबाकी गोळा करायची. तेही लॉकडाऊनमध्ये, मास्क लावून, दारात आखलेल्या चौकटीत उभं राहून. वाशिम जिल्ह्यात सहकारी पीककर्जाचा कारभार आजही अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडे आहे. जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला तरी बँक एकच राहिली. गावची सेवा सोसायटी त्याच साखळीतली.

दुसरी गोष्ट नियमित कर्ज भरणाऱ्यांची. यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याची घोषणा मार्च २०२० च्या राज्य अर्थसंकल्पात झाली. त्याच महिन्यात कोरोना आला आणि घोषणा कागदावर राहिली. शासन निर्णय निघाला २९ जुलै २०२२ ला, तोवर सरकारही बदललं होतं. पैसे पडायला सुरुवात झाली २० ऑक्टोबर २०२२ ला. अडीच वर्षांहून जास्त उशीर.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. दोन हजार दोन-तीन महिने लवकर आले. पन्नास हजारांपर्यंतची रक्कम अडीच वर्षं उशिरा आली. बातम्या पहिल्याच्या जास्त झाल्या.

सोयाबीनला कोरोनाचा फटका कसा बसला?

कोंबडीमुळे. विनोद नाही. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये ‘चिकन खाल्ल्याने कोरोना होतो’ ही अफवा पसरली आणि पोल्ट्री व्यवसाय कोसळला. कोंबडीच्या खाद्यात मुख्य घटक सोयापेंड. कोंबड्याच नकोत तर पेंड कोणाला हवी? पेंड नको तर सोयाबीनला उठाव कसा राहणार? ज्यांनी भाव वाढेल म्हणून माल उन्हाळ्यापर्यंत घरात ठेवला होता, ते या अफवेत सापडले.

या नुकसानीची भरपाई आपल्याकडे कोणत्याही पॅकेजने दिली नाही. तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू, तिथेही सोयाबीन हेच मोठं पीक. तिथल्या कृषी खात्याने एप्रिल २०२० मध्ये शेतकऱ्यांसाठी १६ अब्ज डॉलरच्या थेट मदतीची योजना आणली. अर्ज त्या-त्या काउंटीतल्या कार्यालयात. सोयाबीनवाल्याला विचारलं जायचं : १५ जानेवारी २०२० ला तुमच्याकडे भाव न ठरलेला किती माल शिल्लक होता? त्यानुसार बुशेलमागे ठरलेल्या सेंटच्या दराने पैसे. एका व्यक्तीला कमाल अडीच लाख डॉलर. म्हणजे तिथे मोजमाप भावाच्या घसरणीचं होतं, आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या नावाचं.

तिथली पद्धत चांगली होती असं सरसकट म्हणता येणार नाही. माल जास्त त्याला पैसे जास्त, त्यामुळे मोठ्या शेतकऱ्यांनीच मोठा वाटा उचलला अशी टीका तिथे झाली. आपल्याकडे दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला तेच दोन हजार, हे छोट्याच्या बाजूचं आहे. पण ‘कोरोनाने तुमचं नुकसान किती झालं’ हा प्रश्न आपल्या पॅकेजने विचारलाच नाही.

खताच्या बाबतीत मात्र केंद्राने २०२१ मध्ये मोठा भार उचलला, त्याची नोंद घ्यायला हवी. डीएपीची गोणी १,२०० वरून १,९०० रुपयांवर गेली होती. १९ मे २०२१ ला गोणीमागचं अनुदान ५०० वरून १,२०० रुपये करून दर पुन्हा १,२०० वर आणला गेला. हे सातशे रुपये कोणाच्याही पासबुकात दिसत नाहीत. चार गोण्या घेणाऱ्याला ते एका हप्त्यापेक्षा जास्त पडले.

मग त्याच वर्षी ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन काही बाजार समित्यांत दहा हजारांच्या वर गेलं, हमीभाव होता ३,९५०. पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल सोंगणीला येईपर्यंत भाव बरेच खाली आले. २०२० मध्ये पोल्ट्री बुडाली तेव्हा सोयाबीनवाल्याला कोणी विचारलं नाही. २०२१ मध्ये सोयाबीनवाल्याचे दिवस आले तेव्हा पोल्ट्रीला विचारलं गेलं.

ज्यांना दोन हजारही मिळाले नाहीत ते कोण?

मक्त्याने किंवा बटईने शेती करणारे. पेरणी त्यांची, खत त्यांचं, जोखीम त्यांची, पण हप्ता सातबाऱ्यावरच्या मालकाला. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतलेले लोकही योजनेत बसत नाहीत, वारसाने आलेली जमीन असेल तरच अपवाद. नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी कुटुंब एकच धरतात, हप्ता एकच.

शिवाय आयकर भरणारे, दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी बाहेर. नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, सीए आणि अभियंतेही बाहेर. (नुसती अभियांत्रिकीची पदवी असून शेती करणाऱ्यांनी घाबरू नये. आमच्या बॅचचे असे बरेच आहेत.)

बाहेरच्या लोकांना पैसे गेलेच नाहीत असं नाही. माहितीच्या अधिकारात जानेवारी २०२१ मध्ये उघड झालं की २० लाखांहून अधिक अपात्र लाभार्थ्यांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यात निम्म्याहून जास्त आयकरदाते, आणि संख्येत महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत. जुलै २०२१ मध्ये संसदेत आलेला आकडा याहून मोठा होता : ४२ लाखांहून जास्त अपात्र, २,९९२ कोटींची वसुली. त्यात महाराष्ट्रातले ४ लाख ४५ हजार, रक्कम सुमारे ३५८ कोटी.

मग तहसील कार्यालयांतून नोटिसा निघाल्या. आलेले सगळे हप्ते परत करा, त्यात एप्रिल २०२० चाही. ‘कोरोनाची मदत’ म्हणून घेतलेले दोन हजार वसुलीच्या रकमेत मोजले गेले. ते वेगळे पैसे नव्हतेच, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

इथे एक बारीक गोष्ट. कर्ज काढताना कागद लागतो म्हणून अनेक तरुण शेतकरी आयकर विवरणपत्र भरतात, कर मात्र शून्य असतो. निकष ‘मागच्या वर्षी आयकर भरला’ हा आहे, नुसतं विवरणपत्र भरल्याचा नाही. अशा कोणाला नोटीस आली असेल तर शून्य कराची पोच घेऊन तहसीलमध्ये लेखी म्हणणं द्यावं आणि त्याची पोच घ्यावी.

यादीत नाव आहे, हप्ता ‘जमा’ दिसतो, पण पैसे नाहीत. असं का?

बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, फक्त दुसऱ्या खात्यात. आधारवर आधारित भरण्यात सरकार खाते क्रमांक पाहत नाही, आधार क्रमांक पाहतं. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे ही नोंद राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे असते, आणि तिथे एका वेळी एकच बँक राहते : जी शेवटी जोडली ती. मध्येच कुठेतरी नवं खातं उघडताना अंगठा दिला की जुनी बँक त्या नोंदीतून जाते, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्या काकांचे दोन हप्ते असेच वर्षभर एका विसरलेल्या खात्यात पडून होते. काका तलाठ्याला दोष देत होते, तलाठी पोर्टलला.

हे तपासायला आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक जोडणी स्थिती’ पाहता येते. मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा. पीएम किसानच्या पोर्टलवर ‘लाभार्थी स्थिती’मध्ये तीन गोष्टींसमोर ‘होय’ दिसायला हवं : जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि बँक खात्याची आधार जोडणी. २०२२ पासून या अटी कडक झाल्या आणि त्याच काळात देशातले लाभार्थी दहा कोटींच्या वरून आठ कोटींच्या घरात आले. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो काढताना आपले सगळे गट क्रमांक जोडले गेले का, हे तिथेच पाहून घ्या. मदतीसाठी पीएम किसानची हेल्पलाईन १५५२६१.

पासबुक छापून आणलं की २०२० पासूनच्या नोंदींवर एकदा पेन्सिलने खुणा करा. पीएम किसानच्या दोन हजारांवर एक खूण, नमोच्या दोन हजारांवर दुसरी (हा हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ पासूनच सुरू आहे, त्याआधीचा नमोचा म्हणून कोणी सांगितला तर चूक), अतिवृष्टीच्या रकमेवर तिसरी, ५० हजारांच्या प्रोत्साहनावर चौथी. केशरी कार्ड असेल तर धान्याऐवजीची रक्कम घरातल्या महिलेच्या खात्यात पाहा, ती तुमच्या पासबुकात दिसणार नाही. प्रोत्साहनाची रक्कम आली नसेल तर २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० या तीनपैकी कोणत्याही दोन वर्षांचं पीककर्ज मुदतीत भरल्याचा दाखला सोसायटीकडून घ्या आणि बँकेने तुमचं नाव पाठवलं होतं का, हे लेखी विचारा.